ओबामाकेअरचे पोल कसे वाचायचे: टक्का नंतर, प्रश्न आधी

समजा मार्च २०१० मधला हा आकडा तुमच्यासमोर आला: ५९ टक्के अमेरिकन ओबामाच्या हेल्थ केअर बिलाच्या विरोधात, बाजूने फक्त ३९. पोल सीएनएनचा, म्हणजे कुणा ऐऱ्यागैऱ्याचा नाही, आणि घेतलाय १९ ते २१ मार्चला, म्हणजे हाऊसमध्ये, अमेरिकी संसदेच्या खालच्या सभागृहात, बिल २१९ विरुद्ध २१२ मतांनी पास झालं त्याच वीकेंडला. यावरून हेडलाइन काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. जनतेला नको असलेलं बिल रेटून नेलं. रिपब्लिकन पुढारी तेव्हा हेच सांगत फिरत होते आणि आजही फॅमिली ग्रुपवर अमेरिकेच्या इन्शुरन्सचा विषय निघाला की कोणीतरी काका हेच टाकतात.

आता त्याच पोलमध्ये जरा खाली जा. विरोध करणाऱ्यांना विचारलं होतं की बाबा विरोध का, बिल फार लिबरल आहे म्हणून की पुरेसं लिबरल नाही म्हणून? एकूण लोकांपैकी ४३ टक्के म्हणाले फार लिबरल, १३ टक्के म्हणाले पुरेसं लिबरल नाही. म्हणजे विरोधकांत एक गट असा होता की ज्यांना सरकारने अजून पुढे जायला हवं होतं, कुणाला सरकारी विमा योजना हवी होती, कुणाला सगळ्यांसाठीच मेडिकेअर, म्हणजे तिथली ज्येष्ठांची सरकारी विमा योजना. मग डेमोक्रॅट लोकांनी, म्हणजे ओबामाच्या पक्षाने, काय केलं, ३९ आणि १३ ची बेरीज करून ५२ टक्के आमच्या बाजूने म्हणून नाचायला लागले. तेही खोटंच की. ते १३ टक्के लोक या बिलावर नाराज होते, त्यांना स्वतःच्या खिशात टाकायचा हक्क कोणी दिला? पण ते रिपब्लिकनांच्याही खिशातले नव्हते.

माझं म्हणणं एवढंच आहे की टक्का म्हणजे एका ठरावीक प्रश्नाला, ठरावीक लोकांनी, ठरावीक दिवशी दिलेलं उत्तर. त्याला ‘जनमत’ हे नाव नंतर कोणीतरी चिकटवतं. म्हणून पोल वाचताना टक्का सगळ्यात शेवटी वाचायचा. कसं ते सांगतो, आणि उदाहरणं सगळी ओबामा आणि हेल्थ केअरचीच घेतो कारण २००९ ते २०१७ मध्ये या एका विषयावर एवढे पोल झालेत की पोलची प्रत्येक भानगड तिथे एकदा तरी सापडते.

सगळ्यात आधी प्रश्न शोधा. बातमीत नाही मिळणार, बातमीत पत्रकाराने स्वतःच्या शब्दांत केलेला सारांश असतो. पोल घेणाऱ्या संस्थेच्या साइटवर जा, तिथे बहुतेक वेळा टॉपलाइन नावाची पीडीएफ असते, तिच्यात प्रत्येक प्रश्न जसा फोनवर वाचला तसाच्या तसा छापलेला असतो, क्रमाने, मागच्या वेळच्या आकड्यांसकट. जी संस्था प्रश्न दाखवत नाही तिचा पोल सरळ सोडून द्या, त्यावर वेळ घालवू नका.

प्रश्नात ‘ध चा मा’ झाला की काय होतं याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण २००९ चं आहे. तेव्हा वाद चालला होता पब्लिक ऑप्शनवर, म्हणजे खासगी कंपन्यांच्या जोडीला सरकारने चालवलेली एक विमा योजना असावी की नाही. एनबीसी आणि वॉल स्ट्रीट जर्नलच्या जूनच्या पोलमध्ये विचारलं होतं की लोकांना सरकारी आणि खासगी अशा दोन्हींतून निवडायचा चॉइस असणं तुम्हाला किती महत्त्वाचं वाटतं? अत्यंत महत्त्वाचं किंवा बऱ्यापैकी महत्त्वाचं म्हणणारे निघाले ७६ टक्के. ऑगस्टमध्ये त्याच संस्थांचा पोल, पण प्रश्न वेगळा. खासगी कंपन्यांशी थेट स्पर्धा करणारी, सरकारने चालवलेली योजना काढायला तुमचा पाठिंबा की विरोध? पाठिंबा ४३, विरोध ४७. दोन महिन्यांत ३३ टक्के लोक फिरले का हो? काहीजण फिरले असतीलही, तो ऑगस्ट फार वाईट गेला होता, गावोगावच्या टाउन हॉल मीटिंगांत आरडाओरडा, रिपब्लिकन नेत्या सेरा पेलिनचं ते ‘डेथ पॅनल’ प्रकरण (कोणाला उपचार द्यायचे हे सरकारी समिती ठरवणार, असा खोटा दावा), सगळं त्याच महिन्यातलं. पण मग सर्व्हेयूएसए नावाच्या दुसऱ्या संस्थेने ऑगस्टमध्येच तो जूनचा जुना प्रश्न, चॉइसवाला, जसाच्या तसा विचारून बघितला. आले ७७ टक्के. चॉइस कोणाला नको असतो! पहिल्या प्रश्नात निवडीचं महत्त्व विचारलंय, दुसऱ्यात सरकारी योजनेला पाठिंबा. दोन्ही प्रश्न प्रामाणिक आहेत, पण ते दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं शेजारी ठेवून बाण वर गेला की खाली हे सांगता येत नाही.

नुसत्या नावाने पण फरक पडतो. सप्टेंबर २०१३ मध्ये सीएनबीसीने गंमत केली, अर्ध्या लोकांना ‘ओबामाकेअर’ म्हणून विचारलं आणि अर्ध्यांना ‘अफोर्डेबल केअर अॅक्ट’ म्हणून. कायदा तोच आहे हो, एक टोपणनाव आणि एक कागदावरचं नाव. ओबामाकेअरला विरोध ४६ टक्के, अफोर्डेबल केअर अॅक्टला ३७. यावर टीव्हीवाले खूप हसले की बघा लोक कसे मूर्ख. पण जरा थांबा, पाठिंब्याचा आकडा पण बघा. ओबामाकेअरला पाठिंबा २९, दुसऱ्या नावाला २२. म्हणजे ओबामाचं नाव लावल्यावर विरोध पण वाढला आणि पाठिंबा पण वाढला! कारण कागदावरच्या नावाला ३० टक्के लोक म्हणाले हे काय असतं आम्हाला माहीत नाही, आणि ओबामाकेअरला तसं म्हणणारे फक्त १२. राष्ट्राध्यक्षाचं नाव घेतलं की लोकांना आपली बाजू कुठली ते लगेच कळतं, ज्याचा जो पक्ष तसं उत्तर. म्हणून ‘ओबामाच्या योजनेला तुमचा पाठिंबा आहे का’ आणि ‘हाऊसमधल्या बिलाला आहे का’ हे दोन आकडे एका ओळीत लावायचे नाहीत.

आणि काळ. बिल यायच्या आधी ‘पाठिंबा की विरोध’ विचारतात, आल्यावर ‘झालं ते चांगलं झालं की वाईट’ विचारतात. हाऊसने पास केलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, २२ मार्चला, गॅलप ही पोल घेणारी संस्था आणि यूएसए टुडे यांनी एका रात्रीत पोल घेतला, ४९ टक्के म्हणाले चांगलं झालं, ४० म्हणाले वाईट. एक दिवस आधी संपलेल्या सीएनएनच्या पोलमध्ये ५९ विरोधात आणि इथे ४९ खूश. प्रश्न वेगळा, जिंकल्याचा ताजा माहोल, शिवाय एकाच रात्रीचा पोल म्हणजे त्या रात्री फोनजवळ कोण बसलं होतं त्याच्यावरही थोडं अवलंबून. मी असा एकरात्री पोल कधीच एकटा धरत नाही.

आता दुसरी गोष्ट, विचारलं कोणाला. तीन प्रकार असतात, सगळे प्रौढ, नोंदणी केलेले मतदार, आणि ‘लाइकली व्होटर’ म्हणजे जे बहुतेक मत द्यायला जातील असे. ओबामाच्या काळात गॅलपचं रोजचं रेटिंग, म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या कामावर किती टक्के लोक खूश, सगळ्या प्रौढांचं असायचं आणि रासमुसेन या दुसऱ्या संस्थेचं लाइकली व्होटरचं. सगळे प्रौढ म्हणजे खरंच सगळे, त्यात नागरिक आहे की नाही हे बघत नाहीत, म्हणजे न्यू जर्सीत एचवन व्हिसावर राहणारा आपला मराठी पोरगा फोनवर सापडला तर त्याचं मत गॅलपच्या आकड्यात धरलं जाणार आणि रासमुसेनच्या आकड्यात नाही. आणि त्याने तरी का बोलू नये, इन्शुरन्सचा प्रीमियम तोही भरतोच. उलट कोण निवडून येणार हे बघायचं असेल तर त्याचं मत उपयोगाचं नाही. म्हणजे चूक-बरोबर असं काही नाही, तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे. २०१० च्या नोव्हेंबरात डेमोक्रॅट लोकांच्या हाऊसमधल्या ६३ जागा गेल्या, तेव्हा मतदारांचे पोल जास्त कामाचे होते, पण कायद्याबद्दल देशात काय वाटतंय यासाठी सगळे प्रौढच बघायला हवेत, कारण विमा नसलेल्यांत मत न देणारेही भरपूर.

फोनचा मुद्दा पण इथेच येतो. २००९ मध्येच अमेरिकेत पाचातल्या एकापेक्षा जास्त घरांत लँडलाइन उरली नव्हती, नुसते मोबाइल. आणि १९९१ च्या एका कायद्यामुळे संमतीशिवाय मशीनने आपोआप मोबाइलला कॉल लावायला परवानगी नव्हती, म्हणजे रेकॉर्ड केलेल्या आवाजातले स्वस्त पोल लँडलाइनवरच अडकले. लँडलाइनवर कोण असतं? वयस्कर माणसं, स्वतःचं घर असलेली. मोबाइलवाले कोण, तर तरुण, भाड्याने राहणारे, आणि विमा नसलेले यांच्यात जास्त. हेल्थ केअरच्या पोलमध्ये नेमके हेच गळले तर काय राहिलं? शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण शीत पातेल्याच्या कडेचं घेऊन चालत नाही. गॅलपने जानेवारी २००८ पासून मोबाइल धरायला सुरुवात केली होती, प्रत्येक पोलमध्ये हे बघून घ्या, मेथडॉलॉजी म्हणून शेवटी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. त्यात फोन उचलून खरंच उत्तर देणारेही कमी होत चाललेत, प्यू रिसर्चच्या स्वतःच्या फोन पोलमध्ये १९९७ साली शंभरात ३६ जण बोलायचे, २०१२ ला ९, आणि २०१८ ला ६. मग वय, शिक्षण, वंश याप्रमाणे वजन लावून आकडा जुळवतात. चालतं ते बऱ्यापैकी, पण जुळवलेला आहे हे डोक्यात असू दे.

मार्जिन ऑफ एररचं, म्हणजे आकडा इकडेतिकडे किती हलू शकतो त्याचं, गणित घरी करता येतं, त्याला घाबरू नका. शंभरला सॅम्पलच्या वर्गमुळाने भागा. हजार लोक असतील तर वर्गमूळ साधारण ३१.६, म्हणजे अधिक-उणे ३ च्या आसपास. ४०० लोक असतील तर ५. एवढंच. पण दोन गोष्टी लोक विसरतात. एक म्हणजे हे मार्जिन प्रत्येक आकड्याला वेगळं लागतं, त्यामुळे ४८ विरुद्ध ४५ मधला फरक जो ३ चा, त्याचं मार्जिन जवळजवळ दुप्पट असतं. सरळ बरोबरी म्हणा आणि पुढे जा. दुसरं म्हणजे हजारांच्या पोलमधले ६५ वर्षांवरचे लोक वेगळे काढले तर ते दोनेकशेच उरतात, मग मार्जिन ७. ‘ज्येष्ठ नागरिक ओबामावर उलटले’ अशी बातमी एका पोलच्या जोरावर आली तर मान डोलवू नका. (उलटले होते ते खरंच, मेडिकेअरचे पैसे कापणार या भीतीने, पण ते कळलं ढीगभर पोलमध्ये तेच दिसलं म्हणून.) आणि हे मार्जिन फक्त सॅम्पलच्या नशिबाचं असतं, प्रश्नच वाकडा असेल तर त्याची चूक यात धरलेली नसते.

रोजच्या रेटिंगवर मात्र जरा जास्त बोलतो, कारण टीव्हीवर सगळ्यात जास्त गोंधळ त्याच्यावर व्हायचा. गॅलप रोज रात्री सुमारे ५०० लोकांशी बोलायचं आणि तीन रात्रींचे मिळून १५०० जणांचा आकडा द्यायचं. म्हणजे आजच्या आकड्यात आणि कालच्या आकड्यात दोन रात्री त्याच असतात, बदलते फक्त एक. आता समजा ओबामाचं अप्रूव्हल काल ५२ होतं आणि आज ४९. ३ पॉइंट पडले! पडले म्हणजे काय, तर जी रात्र बाहेर गेली तिच्यात आणि जी नवी आली तिच्यात ९ पॉइंटचा फरक आहे, कारण एका रात्रीचं वजन एक तृतीयांश. एका रात्रीत राष्ट्राध्यक्ष ९ पॉइंट कोसळतो का? क्वचित. बहुतेक वेळा एक रात्र जरा जास्त वर गेलेली असते किंवा खाली, आणि ५०० लोकांचं मार्जिन साडेचारच्या आसपास असतं हे बघता त्यात नवल काही नाही. ती विचित्र रात्र तीन दिवस आकड्यात बसून राहते, मग बाहेर पडते, आणि मग टीव्हीवर बातमी येते की ओबामा सावरला. ना तो पडला होता ना सावरला. सोपा नियम असा की आजचा आकडा कालच्याशी लावायचाच नाही, तीन दिवसांपूर्वीच्याशी लावायचा, म्हणजे दोन्हीकडे वेगळी माणसं असतील.

संस्था-संस्थांत पण कायमचा फरक असतो. रासमुसेनमध्ये ओबामा गॅलपपेक्षा सहसा काही पॉइंट खाली असायचा, मतदारांची निवड वेगळी, माणसाऐवजी रेकॉर्डेड आवाज, आणि नुसतं हो-नाही न विचारता ‘खूप’ आणि ‘थोडंफार’ असे चार पर्याय. त्याच्यात ‘खूप खूश’ मधून ‘खूप नाराज’ वजा करून काढलेला एक इंडेक्स पण असायचा, तो तर बहुतेक वेळा भीषण दिसायचा. मग काय करायचं, एक संस्था धरायची आणि तिची तुलना तिच्याशीच करायची. किंवा सरासरी बघायची, त्या काळात रिअलक्लिअरपॉलिटिक्स आणि पोलस्टर यांच्या सरासऱ्या लोक बघायचे. स्वतःला आवडणारा पोल शोधत बसलं तर तो दर आठवड्याला मिळतोच, त्यात काही कर्तबगारी नाही.

हेल्थ केअरपुरतं बोलायचं तर मी कैसर फॅमिली फाउंडेशन या आरोग्य धोरणावर काम करणाऱ्या संस्थेचा पोल धरीन. त्यांनी कायदा झाल्यापासून वर्षानुवर्षं तोच प्रश्न तशाच पद्धतीने विचारला. एप्रिल २०१० मध्ये चांगलं मत ४६, वाईट ४०. ऑक्टोबर २०१३ ला हेल्थकेअर डॉट गव्ह साइट सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी गळपटली, त्यात ‘तुमचा प्लॅन आवडत असेल तर तो राहील’ म्हणालेला राष्ट्राध्यक्ष आणि लोकांच्या हातात प्लॅन बंद झाल्याची पत्रं, नोव्हेंबरला चांगलं मत ३३ आणि वाईट ४९. अशी एक रेघ हातात असली की एकेका बातमीने हलायला होत नाही. आणि त्यांचेच पोल तुकड्या-तुकड्यानेही विचारायचे. आधीपासून आजार असलेल्याला कंपनीने विमा नाकारायचा नाही, पोरांना २६ वर्षांपर्यंत आईबापांच्या प्लॅनवर ठेवायचं, हे सगळ्यांना आवडायचं, अगदी बऱ्याच रिपब्लिकन लोकांनाही. विमा घेतला नाही तर दंड, हे मात्र नको. आता पहिलं हवं असेल तर तिसरं लागतंच, असा तेव्हाचा हिशोब होता, नाहीतर माणूस आजारी पडल्यावरच विमा घ्यायला येईल, पण फोनवरच्या प्रश्नात त्याचं बिल कुठे द्यावं लागतं. म्हणून ‘कायद्यातल्या गोष्टी लोकप्रिय आहेत’ हे वाक्य खरं असूनही मला फार पटत नाही.

लोकांना किती माहीत आहे हेही बघा. फेब्रुवारी २०११ मध्ये कैसरने विचारलं तर २२ टक्के लोकांना वाटत होतं की कायदा रद्द झालाय, आणखी २६ टक्क्यांना नक्की माहीत नव्हतं. नुकतंच हाऊसमध्ये रद्द करायचं मतदान झालं होतं, सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, तो प्रयत्न पडला, पण टीव्हीवर अर्धवट ऐकलेलं.

राष्ट्राध्यक्षाचं रेटिंग आणि कायद्याचं रेटिंग हे दोन वेगळे मीटर आहेत हेही ध्यानात ठेवा. टीव्हीवर ते एकच असल्यासारखं बोलतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये ओबामाचं अप्रूव्हल पन्नाशीच्या वर होतं आणि त्याच गॅलपमध्ये त्याच्या कायद्याला पसंती ४२ टक्के. मग ओबामा घरी गेला, ट्रम्प आला, रिपब्लिकनांनी कायदा रद्द करायला घेतला, आणि एप्रिल २०१७ मध्ये तीच पसंती ५५ वर, पहिल्यांदा अर्ध्याच्या वर. पाच महिन्यांत कायद्याचा कानाही बदलला नव्हता. आधी लोक त्याची तुलना मनातल्या चांगल्या योजनेशी करत होते, आता हातातून जाण्याशी करायला लागले. रिपब्लिकनांच्या बदली बिलाला मार्च २०१७ च्या क्विनिपिअॅक पोलमध्ये पाठिंबा होता १७ टक्के, विरोध ५६. आणि त्या विरोधातही सगळे ओबामाचे चाहते नव्हते, बिल फारच मिळमिळीत आहे, ओबामाकेअरचीच हलकी आवृत्ती आहे म्हणून चिडलेले कट्टर रिपब्लिकन हाऊसमध्येच बसले होते.

अमेरिकेत राहत असाल आणि उद्या तुम्हालाच फोन आला तर एवढं करा. आधी विचारा कोणती संस्था, कोणासाठी, किती वेळ लागेल. खरा पोलवाला संस्थेचं नाव सांगतो, वय, शिक्षण, कुठला पक्ष हे विचारतो, उत्पन्नाचा साधारण गट विचारतो, पण सोशल सिक्युरिटी नंबर किंवा कार्डचा नंबर कधीच विचारत नाही. मिनिटभराचा कॉल, एकच प्रश्न आणि त्यातही ‘अमुक उमेदवाराने तुमचं मेडिकेअर कापलं हे कळल्यावर तुम्ही त्याला मत द्याल का’ असलं काही असेल तर तो पोल नाही, तो प्रचार आहे, ठेवून द्या फोन. बाकी मुलाखत खरी असेल तर बोला, आपली माणसं फोन उचलतच नाहीत आणि मग आपल्याला कोणी विचारत नाही म्हणून रडतात. प्रश्न कळला नाही तर परत वाचायला सांगा, ते परत वाचतात पण अर्थ समजावून सांगत नाहीत, त्यांना तशी परवानगी नसते. आणि एखाद्या गोष्टीबद्दल काहीच माहीत नसेल तर ‘माहीत नाही’ असं बिनधास्त सांगा, त्याचाही वेगळा रकाना असतो.